संगणकीय व्यूहखेळांतील तोफांचा मारा आणि रायगडाचा 1818 चा वेढा

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या व्यूहखेळांचा विषय संशोधनपत्रिकेत यावा याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु आज पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी तोफ, तट, वेढा आणि कुमक हे शब्द ग्रंथांत वाचण्यापूर्वी या खेळांतून ऐकलेले असतात. तोफेने काय साधते आणि काय साधत नाही यासंबंधीची त्यांची पहिली कल्पना तेथेच तयार होते, आणि पुढे दप्तरातील कागद वाचतानाही ती कल्पना त्यांच्या मनात नकळत काम करीत असते. म्हणून या खेळांतील तोफांचा मारा कितपत वास्तव असतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतःला विचारणे क्रमप्राप्त आहे. प्रस्तुत टिपणात तो प्रश्न एका ज्ञात वेढ्याच्या आधारे तपासण्याचा विचार आहे.

प्रथम ‘वास्तव’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. खेळाची जाहिरात करणारा आणि खेळणारा हे दोघेही बहुधा दिसण्याऐकण्यातील वास्तवतेविषयी बोलत असतात. तोफेच्या तोंडातून धूर कसा निघतो, गोळा जमिनीवर आपटून कसा उसळतो, तटाचे चिरे कसे ढासळतात, याचे चित्रण गेल्या पंचवीस वर्षांत फार पुढे गेले आहे, आणि ते पाहताना डोळ्यांना खरोखर आनंद होतो. पण गोलंदाजाला दिसणारे दृश्य आणि त्याच्यापुढील अडचण या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या गोष्टी प्रत्यक्षात कठीण होत्या त्याच खेळात कठीण ठेवल्या आहेत काय, ही कसोटी आम्हांस अधिक योग्य वाटते.

ही कसोटी लावण्यास रायगड जिल्ह्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. (1981 पर्यंत याच जिल्ह्याचे नाव कुलाबा होते.) पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठणे सोडल्यावर निडी हे लहानसे स्थानक लागते. भोवताली भातखाचरे आणि त्यांच्या कडेने उठलेले डोंगर असा हा मुलूख आहे. रोह्याजवळच्या डोंगरावर अवचितगड आहे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथे समुद्रास मिळते तेथे चौल-रेवदंडा आहे. पश्चिमेस मुरुडजवळ जंजिरा, आणि दक्षिणेस महाडच्या अंगाला रायगड. म्हणजे समुद्रातील किल्ला, खाडीच्या मुखावरील तटबंद शहर आणि डोंगरी गड, असे वेढ्याचे तिन्ही प्रकार एका जिल्ह्यात येथे एकत्र आढळतात, आणि तिन्ही ठिकाणी तोफेचा अनुभव निरनिराळा आहे.

रायगडाचा शेवटचा वेढा 1818 साली पडला. कर्नल प्रॉथर याच्या हाताखालील कंपनीच्या फौजेने त्या वर्षाच्या आरंभापासून कोकणातील किल्ले एकामागून एक घेतले होते. कर्नाळा, अवचितगड आणि पालीजवळचे गड यांची वाट याच मोहिमेत लागली. एप्रिलच्या अखेरीस रायगडास वेढा पडला. गडासमोरच्या पोटल्याच्या डोंगरावर मोर्चा बांधून तेथून कुलपी गोळ्यांचा मारा सुरू झाला. पेशव्यांची पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होती. गोळ्यांनी गडावरील इमारतींस आगी लागल्या, बोलणी झाली, आणि 10 मे रोजी गड खाली झाला. सुमारे 820 मीटर उंचीच्या, सर्व बाजूंनी तुटलेल्या कड्यांच्या या गडाच्या तटाला खिंडार पाडून कोणी वर चढले नाही. तशी गरजच पडली नाही.

या हकिकतीत गोळ्याच्या उड्डाणाचे जे गणित दडलेले आहे ते थोडे उलगडून पाहणे उपयुक्त ठरेल. हवेचा अडथळा नसेल तर फेकलेली वस्तू अन्वस्त या वक्रावरून जाते, हे गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध केले. वेगवान तोफगोळ्यास हा नियम लागू पडत नाही, हवेचा विरोध कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा असतो, हे बेंजामिन रॉबिन्स याने 1742 साली प्रयोगाने दाखवून दिले. परंतु उखळी तोफेचा जड गोळा संथ गतीने उंच जातो, आणि त्याच्यापुरता जुना नियम बराच खरा ठरतो. उखळी तोफ बहुधा 45 अंशांवर कायम ठेवीत आणि दारूचे माप कमीअधिक करून पल्ला साधीत. समजा, लक्ष्य 1,000 मीटरवर व तोफेच्याच पातळीवर आहे. मग गोळ्याचा आरंभीचा वेग सेकंदास सुमारे 99 मीटर हवा. गोळा 250 मीटर उंच जाईल आणि सुमारे 14.3 सेकंदांनी खाली येईल. या काळाइतकीच बत्ती कापून गोळ्यात बसवावयाची. बत्ती एक सेकंद आधी संपली तर गोळा लक्ष्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच सुमारे 65 मीटर उंचीवर फुटेल. ती लांब राहिली तर गोळा जमिनीत रुतून पडेल, आणि धीराचा एखादा शिपाई तिच्यावर पाणी ओतील.

आता तेच लक्ष्य तोफेपेक्षा 200 मीटर उंच आहे असे धरू. डोंगरी किल्ल्याच्या बाबतीत असा प्रसंग सहज येतो. आडवे अंतर तेवढेच ठेवून हिशेब केला तर वेग 99 ऐवजी सुमारे 111 मीटर लागतो. म्हणजे गोळ्यास द्यावयाची ऊर्जा बरोबर सव्वापट होते आणि उड्डाणाचा काळ मात्र घटून 12.8 सेकंदांवर येतो. दारू वाढवावयाची आणि बत्ती आखूड करावयाची! पातळीवरील पल्ल्याची कोष्टके पाठ असलेला गोलंदाज येथे चुकतो. पहिले काही गोळे वाया घालविल्यावाचून त्याला माप सापडत नाही, आणि तो गोळा कोठे पडला हे तर त्याला खालून दिसतच नाही, कारण मध्ये कड्याची कड येते. समोरच्या डोंगरावर जागा मिळविणे एवढे महत्त्वाचे का होते याचे उत्तर या दोन अडचणींत आहे.

‘एज ऑफ एम्पायर्स’ या मालिकेचा दुसरा खेळ 1999 साली आला आणि तो आजही नव्या रूपात खेळला जातो. 2022 साली त्यात हिंदुस्थानातील राजवंशांची स्वतंत्र भर पडली. या खेळात उंच-सखल भूमीचा विचार केलेला आहे, ही गोष्ट त्याच्या कर्त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. वरून खाली मारणाऱ्याचा आघात सव्वापट होतो आणि खालून वर मारणाऱ्याचा पाऊणपट राहतो. आपल्या हिशेबातील सव्वापट आणि खेळातील सव्वापट यांचे आकडे जुळतात हा केवळ योगायोग होय. कारण खेळाने शिक्षा भलत्याच ठिकाणी केली आहे. कुलपी गोळा चढावर फेकला म्हणून त्याच्या स्फोटाचे बळ पाऊणपट होत नाही. तो पोहोचला तर पूर्ण बळानेच फुटतो. अडचण आहे ती पोहोचविण्यात, मापात, बत्तीत आणि तो कोठे पडला हे कळण्यात. खेळातील तोफेस यांपैकी एकही चिंता नाही. खेळणाऱ्याने लक्ष्यावर बोट ठेवले की ती मारू लागते, तिची दारू कधी संपत नाही, आणि समोरची वास्तू आपल्या शक्तीचे अंक गमावीत जाते. किल्ल्याजवळ चार ‘गावकरी’ उभे केले तर मारा चालू असतानाच ते त्याची डागडुजी करीत राहतात. याच खेळात दगड फेकणाऱ्या जुन्या यंत्राचा पल्ला 16 घरांचा आणि दारूच्या तोफेचा 12 घरांचा आहे. इतिहासाचा क्रम येथे उलटा झाला आहे. तो अज्ञानाने झालेला नाही. दोन्ही शस्त्रे खेळात उपयोगी राहावीत म्हणून तो मुद्दाम उलटविलेला आहे. खेळाचा तोल सांभाळणे हा कर्त्यांचा धर्मच आहे. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र अभ्यासकाने तो तोल इतिहास म्हणून स्वीकारू नये.

वास्तूला शक्तीचे अंक द्यावयाचे आणि तोफेने ते खात जावयाचे, या एका कल्पनेत वेढ्यासंबंधीचा सारा गैरसमज साठलेला आहे. तिच्यामुळे वेढा म्हणजे तोफ विरुद्ध दगड असा सामना होऊन बसतो आणि मोठी तोफ असणारा जिंकतो. आता चौलचा प्रसंग पाहा. 1570–71 साली मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलास वेढा घातला. निजामशाहीचा तोफखाना त्या काळी दख्खनमध्ये नावाजलेला होता. सुमारे 55 टन वजनाची, आज विजापुरात असलेली मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली अहमदनगरासच ओतली गेली होती. तरीही कित्येक महिने मारा करून चौल पडले नाही, आणि शेवटी तह करून वेढा उठवावा लागला. पोर्तुगीजांना समुद्र मोकळा होता आणि कुमक व धान्य गलबतांतून येत होते. जंजिऱ्याची कथाही याच वळणाची आहे. 1682 साली छत्रपती संभाजी महाराजांनी तोफांचा मारा केला, खाडीत भराव घालून जंजिऱ्यापर्यंत सेतू नेण्याचे काम आरंभले. मोगल फौज कल्याणच्या बाजूने कोकणात उतरल्यामुळे ते काम टाकून त्यांना परतावे लागले. समुद्रात भराव घालण्याचा मार्ग आम्हांस ठाऊक असलेल्या एकाही व्यूहखेळात उपलब्ध नाही. वास्तविक खेळणाऱ्याच्या कल्पकतेस याहून चांगले क्षेत्र कोणते असू शकेल?

रायगडावर चौलच्या नेमके उलट घडले. तेथे कुमक येण्याची आशाच उरली नव्हती. नोव्हेंबर 1817 मध्ये खडकी झाली, फेब्रुवारी 1818 मध्ये सातारा गेला आणि अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. पेशवे स्वतः पळतीवर होते. गडावरील शिबंदीपुढचा प्रश्न तट टिकेल काय हा नव्हता. राहत्या घरांवर आणि कोठारांवर वरून पडणारे गोळे सोसावयाचे ते कोणासाठी, हा होता. उलट बाजूस वेढा घालणाऱ्यालाही मुदत होतीच. कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस कोसळू लागतो. मग दारू भिजते, वाटा चिखलाने बंद होतात, आणि जड तोफ जेथे असेल तेथेच रुतते. 10 मे ही तारीख त्या दृष्टीने पाहावयास हवी. शिबंदीने आणखी पाच आठवडे काढले असते तर काय झाले असते, हा खेळणाऱ्यापुढे ठेवण्याजोगा खरा पेच आहे. पण ज्या खेळात पाऊसच पडत नाही त्यात तो ठेवणार कसा?

2009 साली निघालेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात मराठ्यांची सत्ता खेळणाऱ्यास स्वतः चालविता येते, म्हणून आपल्याकडे तो विशेष प्रिय झाला. खेळाचा काळ 1700 ते 1799 असा आहे. त्यातील लढाईचे दृश्य वरील खेळाहून पुष्कळच प्रामाणिक आहे. गोळे जमिनीवरून उसळत रांगांत शिरतात, चुकल्यास आपल्याच माणसांना लागतात, दारूगोळा मोजका असतो, आणि काही जड तोफा एकदा मांडल्या की लढाई संपेपर्यंत जागच्या हलत नाहीत. सैनिकांच्या धीराचेही मोजमाप आहे. इतके असूनही वेढ्याच्या प्रसंगी हा खेळ पुन्हा जुन्याच वाटेने जातो. तटाला खिंडार पाडावयाचे आणि आत घुसावयाचे. युरोपातील मैदानी किल्ल्यांचा तो नमुना आहे. घाटमाथ्यावरचा आणि कोकणातला गड त्या नमुन्यात बसत नाही. तोफ डोंगरावर ओढून नेण्यास किती बैल लागले, वाट कोणी तोडली, दमदमा बांधण्यास किती दिवस गेले, हे सारे खेळाच्या दृष्टीने घडून गेलेले असते. प्रत्यक्ष वेढ्याच्या दिवसांपैकी बहुतेक दिवस मात्र याच कामात खर्ची पडत.

येथे एक विलक्षण गोष्ट सांगावयाची आहे. ‘युरोपा युनिव्हर्सलिस’ या मालिकेच्या 2013 सालच्या चौथ्या खेळात तोफ जवळजवळ दिसतच नाही. नकाशावर एक पुतळी उभी असते आणि शेजारी काही आकडे. दर तीस दिवसांनी एक फासा पडतो. तोफखाना असेल तर त्या फाशात काही अंकांची भर पडते, किल्ला जितका बळकट तितकी वजाबाकी होते, आणि फाशाच्या कौलाप्रमाणे किल्ल्यात धान्याची टंचाई पडते, पाणी तुटते, शिबंदीतील लोक पळू लागतात, तटास खिंडार पडते किंवा किल्ला स्वाधीन होतो. डोळ्यांना येथे काहीच मेजवानी नाही. तरी रायगडाच्या हकिकतीस हा नीरस खेळ पहिल्या दोहोंपेक्षा जवळचा आहे असे आमचे मत आहे. कारण तोफ हे शरणागती घडवून आणणाऱ्या अनेक कारणांपैकी एक कारण आहे, ते दिवसागणिक साचत जाते, आणि त्याचा शेवट केव्हा होईल हे कोणासही आगाऊ सांगता येत नाही, हे त्याने ओळखले आहे. अर्थात त्याच्याही उणिवा आहेत. तीस दिवसांच्या मापात रायगडाचा सारा वेढा अर्ध्या फाशात संपतो.

विसाव्या शतकातील मारा चित्रित करणाऱ्या खेळांत अज्ञाताचा हा भाग अधिक समजूतदारपणे आला आहे. ‘कॉम्बॅट मिशन’ या 2000 सालापासूनच्या मालिकेत तोफा नकाशाबाहेर असतात. पुढे बसलेल्या निरीक्षकाने मागणी केली की काही मिनिटे वाट पाहावी लागते. प्रथम माप घेण्यासाठी एकेक गोळा पडतो, मग सुधारणा होते, आणि त्यानंतर सर्व तोफांचा मारा सुरू होतो. निरीक्षकाला लक्ष्य दिसत नसेल तर गोळे भलतीकडे जातात. मारा झाला म्हणून शत्रू नष्ट होत नाही, तो काही काळ मान खाली घालून बसतो. हा भेद फार मोलाचा आहे. 1916 साली सोम नदीवर ब्रिटिशांनी सात दिवसांत सुमारे 15 लाख गोळे टाकले, त्यांतील पुष्कळ फुटलेच नाहीत, आणि 1 जुलै रोजी पायदळ पुढे सरकले तेव्हा खोल खंदकांतून जर्मन बंदुकधारी बाहेर आले. माऱ्याने शत्रूस दडपणे आणि त्याचा नाश करणे यांतील अंतर त्या सकाळी हजारोंच्या प्राणांनी मोजले गेले. आपल्याकडे 1999 च्या कारगिल युद्धात भारतीय तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे व अग्निबाण टाकले. तेथील विरळ हवेत गोळ्यास होणारा विरोध कमी झाल्यामुळे पल्ल्याचे नेहमीचे कोष्टक जसेच्या तसे लागू पडत नव्हते. रॉबिन्सचा जुना प्रश्नच तो, फक्त उलट दिशेने आलेला. नाशिकजवळच्या देवळाली येथील तोफखाना विद्यालयात आजही जे शिकविले जाते त्याचा मोठा भाग तोफ उडविण्यापूर्वीच्या या हिशेबाचा आहे.

खेळ वास्तव केला तर तो कंटाळवाणा होईल, असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे. बैल जुंपण्यात चार दिवस घालविणारा खेळ कोणी विकत घेणार नाही. पण कंटाळवाणे काम वगळणे निराळे आणि त्या कामामुळे उद्भवणारा निर्णय वगळणे निराळे. तोफ वर नेण्यास आठ दिवस लागतील, तोवर पाऊस जवळ येईल, तेव्हा हलकी तोफ आताच न्यावी की जड तोफेची वाट पाहावी? यात कंटाळा कोठे आहे? आठ दिवस एका क्षणात संपविता येतात. निर्णय मात्र खेळणाऱ्याकडे राहिला पाहिजे. बहुतेक खेळ नेमके उलट करतात. दिवस वगळतात, त्याबरोबर निर्णयही वगळतात, आणि त्या जागी धूर व आवाज भरतात.

मराठी इतिहासाच्या अभ्यासाशी याचा सरळ संबंध येतो. 1818 साली किल्ले इतक्या वेगाने का पडले, या प्रश्नास वर्गात मिळणारे ठरीव उत्तर ‘इंग्रजांच्या श्रेष्ठ तोफा’ असे असते. तोफा श्रेष्ठ होत्या हे खरेच. पण खेळांतून आलेली ‘तोफ विरुद्ध दगड’ ही कल्पना मनात असली की विद्यार्थी तेथेच थांबतो. त्या गडावर शिबंदी किती होती, तिचा पगार थकला होता काय, कोठारे कोठे होती, समोरची टेकडी अगोदरच का राखली गेली नाही, आणि किल्लेदाराला पुण्याकडून शेवटची बातमी कोणती मिळाली, हे प्रश्न तो विचारीतच नाही. अवचितगडापासून रायगडापर्यंतच्या प्रत्येक किल्ल्याबाबत हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारता येण्याजोगे आहेत, आणि प्रत्येकाचे उत्तर सारखे असणार नाही.

यासाठी संगणक लागतोच असे नाही. प्रशियाचा फोन राइस्विट्झ याने 1812 साली पटावरचा युद्धखेळ मांडला, आणि तोफखान्यात अधिकारी असलेल्या त्याच्या मुलाने 1824 साली त्यास नवे रूप दिले. त्यात 1:8000 प्रमाणाचा नकाशा असे, प्रत्येक खेळी दोन मिनिटांची धरीत, आणि माऱ्याचा परिणाम ठरविण्यासाठी फासे व कोष्टके वापरीत. दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसे, आणि प्रत्येक पक्षाला जे दिसू शकेल तेवढेच तो त्यास सांगे. आपल्या विभागात रायगडाचा भूमापन नकाशा, वर दिलेल्या प्रकारची दारूची व बत्तीची कोष्टके आणि दोन फासे घेऊन हा प्रयोग एका दुपारी करता येईल. पोटल्याच्या बाजूस बसलेल्या विद्यार्थ्याने माप सांगावे, गडावरच्याने आपली कोठारे नकाशावर आधीच लिहून ठेवावीत. गोळा कड्याच्या कडेपलीकडे पडला असेल तर तो कशावर पडला हे पंचाने खालच्या पक्षास सांगू नये. धूर दिसला एवढेच सांगावे.